जोडीचं झाड

शंकरराव गुरुजी मेहकराकडचे. बदलून आमच्या गावी आले तेव्हा शाळा नुकतीच जिल्हा परिषदेकडे गेली होती आणि गुरुजींच्या अंगात नव्या राज्याचा उत्साह मावत नव्हता. वनमहोत्सवाला बाकीच्या शाळांत शिक्षणखात्याच्या डिप्टीसाहेबांच्या हातून एक झाड लावतात, नारळ फोडतात आणि दुसऱ्या दिवसापासून ते झाड बकऱ्यांच्या हवाली करतात. गुरुजींना तसला वनमहोत्सव मान्य नव्हता. त्यांनी कडुलिंबाची आणि करंजाची रोपं आणली, पोरांकडून शाळेभोवती खड्डे खणून घेतले आणि जाहीर केलं की एका झाडाला दोन पोरं, आणि जोड्या मी लावणार.

जोड्या लावताना त्यांनी गावाची सगळी घडी विस्कटून टाकली. पुढच्या ओळीतलं एक पोर घ्यायचं आणि दाराजवळ बसणारं एक. महादेवराव पाटलाच्या नातवाला गुराख्याचा पोरगा दिला. दयाराम माळ्याच्या शालूला उकंडा चांभाराची पुष्पी दिली. नियम एकच होता. दोघांनी मिळून पाणी आणायचं, दोघांनी मिळून घालायचं. एकानं आणलं आणि दुसऱ्यानं नुसतं पाहिलं, तर ते झाड जोडीचं नाही. सोमवारी प्रार्थनेनंतर जोड्या आपापल्या झाडापाशी उभ्या राहात आणि ‘झाड जितकं माझं तितकंच तुझं’ असं खड्या आवाजात म्हणत. घरी जाऊन मात्र कोणी म्हणत नसे. पाटलाचा नातू तेवढ्यापुरता उभा राहायचा, पाणी त्यांचा सालदार, वर्षाच्या बोलीनं ठेवलेला गडी, आणून ओतायचा. गुरुजींना ते दिसत नव्हतं असं नाही, पण शाळेला जागा महादेवरावांनी दिली होती.

शालूनं मात्र ते सगळं मनावर घेतलं. चौथीतली पोर, गुरुजी बोलले म्हणजे ते खरंच करायचं असतं अशी तिची समजूत होती.

त्या वर्षी श्रावण कोरडा गेला आणि भादव्यातही आभाळ नुसतंच येऊन जायचं. कपाशी माना टाकून होती. दयारामची जमीन दोन एकर, पण बागाईत. वांगी, मिरची, थोडी भेंडी, आणि माल पिंपळगाव राजाच्या बाजारात. या दोन एकरांचा जीव एका विहिरीत होता आणि ती विहीर महादेवरावांच्या धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, आत होती. दयारामच्या बापानं महादेवरावांच्या बापाबरोबर ती खणली होती, पाषाण फोडताना दोन बोटं गमावली होती, आणि त्याच्या बदल्यात चौथ्या दिवशी माळ्याची मोट चालेल असा शब्द मिळाला होता. शब्द देणारा मेला, घेणारा मेला. कागद कुठंच नव्हता. दर चौथ्या दिवशी दयाराम बैल घेऊन विहिरीवर जायचा तेव्हा धाव, म्हणजे मोटेच्या बैलांची उतरती वाट, रिकामी दिसेपर्यंत त्याला खात्री नसायची. हे त्यानं बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

असाच एक पाळीचा दिवस होता. दयाराम मोट हाकत होता आणि त्याची बायको तानाबाई खालच्या अंगाला वांग्यात दारं धरून होती. उन्हं कलल्यावर शाळा सुटली आणि शालू एक तांब्याची कळशी घेऊन आली. बरोबर पुष्पी होती. पुष्पी पाटाच्या काठाशी येऊन आपोआप थांबली. आमच्याकडे तशी रीत होती. वाहत्या पाटातलं पाणी चांभारवाड्यातल्या बायका घेऊ शकत, मोट ओततात त्या थारोळ्याला हात लावायचा नाही. विहिरीचा तर प्रश्नच नव्हता. हे पुष्पीला कोणी शिकवलं नव्हतं, गुरुजींनी तर नाहीच, पण तिचे पाय बरोबर तिथंच थांबले.

‘‘बावा, झाडाले पानी न्यायचं हाये,’’ शालू म्हणाली.

‘‘तूच भर थारोळ्यातून. तिले तथीच राहू दे,’’ दयाराम म्हणाला. एवढ्यात तानाबाईनं खालून हाक मारली. पाट वळणावर फुटला होता आणि पाणी वांग्याऐवजी बोडख्या वाटेत चाललं होतं. दयारामनं बैल विहिरीच्या तोंडाशी उभे केले, फावडं उचललं आणि धावत गेला.

गुडघाभर चिखलात उभा राहून तो फुटीला माती लावत होता. तेव्हा त्याला मोटेच्या चाकाचा आवाज आला. तोच रोजचा करकर आवाज, पण त्याचं फावडं हातातच थांबलं. आपण इथं चिखलात आहोत तर मोट कोण हाकतंय?

त्यानं वर पाहिलं. बैल धावेवरून खाली येत होते आणि मोटेच्या नाड्यावर पुष्पी बसली होती. परकर आवरून, दोन्ही हातांनी नाडा घट्ट धरून. शालू शेजारून पळत होती आणि बैलांना नावानं हाका मारत होती. मोट भरून वर आली, तिची सोंड सुटली आणि भदभद पाणी थारोळ्यात पडलं. दोघी हसत होत्या. इतक्या हसत होत्या की थारोळ्यापाशी उभी असलेली बाई त्यांना दिसलीच नाही.

ती महादेवरावांची आई होती, सत्यभामाबाई. पाटलाच्या घरचं प्यायचं पाणी याच विहिरीचं. बाई सत्तरीच्या पुढची, पण पाण्याच्या बाबतीत सुनांवर भरवसा नाही म्हणून संध्याकाळची घागर ती स्वतः न्यायची. घागर भरलेली होती. तिनं पुष्पीकडं पाहिलं. मग घागर तिरपी केली आणि सगळं पाणी हळूहळू मातीत ओतून टाकलं, शेवटचा थेंब जाईपर्यंत. दयारामकडं तिनं मान वळवलीसुद्धा नाही. रिकामी घागर कमरेला लावून ती गावाकडं चालू लागली.

दयारामला वाटलं, धावत जावं आणि तिचे पाय धरावेत. पण पाय चिखलात रुतले होते.

घरी आल्यावर त्यानं शालूच्या थोबाडीत मारली. याआधी त्यानं तिला कधी बोट लावलं नव्हतं. शालू रडली नाही, गालावर हात ठेवून बापाकडं बघत राहिली.

‘‘गुरुजीनं सांगतलं होतं, दोघीनंबी काढाव म्हनून,’’ ती म्हणाली.

‘‘हीर गुरुजीची हाये का?’’

तानाबाई चुलीपुढं बसली होती. तिनं भाकरी थापायची थांबवली. ‘‘बाई काय म्हने?’’

‘‘काईच नाई म्हने.’’

‘‘काईच नाई?’’

‘‘घागर उपडी केली अन् गेली.’’

तानाबाईचा चेहरा उतरला. बाईनं शिव्या दिल्या असत्या तर तिला इतकं भ्यावं लागलं नसतं. शिव्यांचं एक बरं असतं, देऊन झाल्या की झाल्या. तव्यावरची भाकरी करपली तरी तिच्या लक्षात आलं नाही. त्या रात्री आणि पुढच्या दिवशी बाहेर वहाणांचा आवाज झाला की दोघं एकमेकांकडं पाहायची आणि वहाणा पुढं निघून गेल्या की श्वास सोडायची. कोणी आलं नाही. कोणी काही बोललंही नाही. दुकानावर दयाराम तंबाखू आणायला गेला तर बसलेली माणसं बोलायची थांबली आणि तो निघाल्यावर पुन्हा बोलू लागली, किंवा त्याला तसं वाटलं.

पाळीच्या दिवशी तो झुंजुमुंजूलाच बैल घेऊन निघाला. विहीर दिसायच्या आधीच त्याला चाकाचा आवाज आला.

धावेवर महादेवरावांचे बैल होते. मोटही त्यांचीच होती आणि सालदार नाड्यावर बसून गाणं गुणगुणत होता. दयारामला पाहून त्यानं गाणं थांबवलं.

‘‘आज माही पाळी हाये,’’ दयाराम म्हणाला. म्हणताना आवाज इतका बारीक निघाला की त्याची त्यालाच लाज वाटली.

‘‘बुढीबाईनं सांगतलं, बाटलेलं पानी उपसून टाका म्हने. मी काय करू?’’ सालदार म्हणाला आणि त्यानं बैल मागं सारले.

उपसलेलं बाटलेलं पाणी कुठं जात होतं ते दयारामनं पाहिलं. ते पाटानं नीट महादेवरावांच्या मिरचीत चाललं होतं. मिरचीला बाटत नसावं. सत्यभामाबाई तांब्यातून गोमूत्र घेऊन आली आणि थारोळ्यावर, चाकावर, नाड्यावर शिंपडून गेली. बांधावर बैलांचे दोर धरून बसलेल्या दयारामच्या अंगावरही चार थेंब उडाले. ते त्याच्यासाठी होते की चुकून उडाले, हे त्याला कळलं नाही आणि विचारायची सोय नव्हती. दुपार झाली, दिवस मावळला. मिरची तुडुंब प्याली. दयाराम बैल घेऊन तसाच परतला.

दुसऱ्या दिवशी तानाबाईनं नाल्यातल्या झिऱ्यावरून डोक्यावर घागरी वाहून वांग्याला पाणी घातलं. झिऱ्यात वाटीनं पाणी भरावं लागायचं. संध्याकाळपर्यंत तिची मान वळेना आणि निम्मा वाफासुद्धा भिजला नव्हता. खालच्या अंगाची फुलं गळून मातीत पडली होती. तिनं ती ओंजळीत गोळा करून घरी आणली आणि नवऱ्यापुढं ठेवली.

‘‘जा मालकाकडे,’’ ती म्हणाली. ‘‘पाय धरा लागले तं धरा. मले लाज नाई.’’

महादेवराव तसे गोड बोलणारे गृहस्थ. अंगात खादी, पंचायत समितीच्या निवडणुकीला उभं राहायचं मनात, त्यामुळे गावातल्या शेंबड्या पोरालाही ते नावानं ओळखत. दयाराम गेला तेव्हा ते ओट्यावर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. दयाराम खाली पायरीपाशी उकिडवा बसला. महादेवरावांनी संपूर्ण सुपारी कातरून होईपर्यंत मान वर केली नाही.

‘‘काऊन रे दयाराम, तोंड उतरलं?’’

‘‘मालक, पोरीकडून चूक झाली.’’

‘‘पोर हाये. पोरायचं काय धरून बसतं?’’ त्यांनी सुपारी तोंडात टाकली. दयारामला दिली नाही. ‘‘मी काई जुन्या मताचा मानूस नाई. माह्यासाठी सारे सारखे. शाळेले जागा कोनं देल्ली?’’

‘‘तुमीच देल्ली मालक.’’

‘‘मंग? पन माय म्हातारी हाये. तिनं दोन दिवस अन्न घेतलं नाई. तिच्या जिवाचं काई झालं तं मी कोनाले जाब विचारू? तुले का गुरुजीले?’’

म्हातारी मेली तर ते आपल्या माथी येणार, हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं.

‘‘मी काय करू मालक? तुमी सांगा.’’

‘‘मी काई सांगत नाई बाप्पा. सांगाची सोय राह्यली नाई. कायदा हाये. मी उकंडाले म्हतलं का तुही पोरगी शाळेत नको धाडू, तं उद्या गुरुजी वर लिहीन अन् माह्यावर केस होईन.’’ महादेवराव थोडे पुढं झुकले. ‘‘तुह्यावर कोन केस करते? तू गरीब मानूस. तू उकंडाच्या घरचाच समज. तू सांगतलं तं तो आयकन.’’

‘‘काय सांगू?’’

‘‘हेच का, पोरगी मोठी झाली, आता घरी राहू दे. पोरगी शाळेत आली नाई का मंग झाड नाई, अन् झाड नाई तं पानी नाई, भानगडच मिटली. तुही मोट फाटली हाये म्हने? मंग जाशीनच तू त्याच्याकडे.’’

‘‘अन् माही पाळी?’’

‘‘पाहू ना. हीर काय पळून जाते?’’

दयाराम रामराम करून उठला. महादेवरावांनी त्याला दम दिला नव्हता, आवाजसुद्धा चढवला नव्हता. घरी जाताना वाटेत तो एका भिंतीला टेकून उभा राहिला आणि त्याला उलटी झाली.

मोटेची सोंड खरंच फाटली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ती डोक्यावर घेतली आणि चांभारवाड्यात गेला. शिवायला म्हणून रात्री भिजवलेल्या चामड्याचं पाणी त्याच्या सदऱ्यातून पाठीवर ओघळत होतं. उकंडा छपरीत बसून एका वहाणेला वादी ओवत होता. त्याची बायको वच्छला भिंतीशी पोतं शिवत होती. उकंडानं ही मोट शिवून दिली त्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. सोंड हातात घेऊन त्यानं फाटलेल्या जागी अंगठा फिरवला.

‘‘बसा दयारामभाऊ. आत्ताच करून देतो. पाळी कवा हाये?’’

‘‘उद्या,’’ दयाराम म्हणाला, पण उद्या पाळी आहे की नाही हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

आत पुष्पी धडा वाचत होती. झाडं आपल्याला सावली देतात, फळं देतात, पाऊस आणतात. एकेक शब्दावर जोर देऊन, गुरुजी वाचतात तसं. वाचता वाचता ती थांबली आणि बाहेर आली ती पितळेचा लोटा घेऊन. पाहुणा आला की आधी पाणी द्यावं, हेही गुरुजींनी शिकवलं होतं. तिनं लोटा दयारामपुढं धरला.

दयारामनं लोट्याकडं पाहिलं. मग आजूबाजूला पाहिलं. समोरच्या घराच्या दारात एक म्हातारा बसला होता, गल्लीतून कोणाची तरी बकरी चालली होती, बाकी कोणी नव्हतं. तरी त्याला वाटलं की सगळं गाव छपराच्या आडून बघतंय. त्याला इतकी तहान लागली होती की लोट्यातलं पाणी हललेलं त्याला ऐकू आलं.

‘‘तहान नाई मले,’’ तो म्हणाला.

पुष्पीचा हात तसाच पुढं राहिला. वच्छला उठली, तिनं पोरीच्या हातातून लोटा घेतला आणि तिला खांद्याला धरून आत नेलं. वाचनाचा आवाज पुन्हा आला नाही.

उकंडा मान खाली घालून आरीनं भोकं पाडत होता. शेवटी तो उकंडाच्या हातांकडं बघून बोलला.

‘‘उकंडा, पुष्पीले आता घरीच ठेव. शाळेत नको धाडू.’’

आरी थांबली नाही. ‘‘मालकानं सांगतलं?’’

‘‘नाई. मीच म्हनतो.’’

‘‘तुमी म्हनता.’’ उकंडानं वादी ओढून गाठ घट्ट केली. ‘‘मालकानं म्हतलं असतं तं गोष्ट येगळी होती. गुरुजी परवा येऊन गेले, म्हने कोनी अडवलं तं मले सांगजो, मी तालुक्याले अर्ज करतो. पन तुमच्या नावानं काय अर्ज करा, दयारामभाऊ? तुमची पोरगीच हिले हात धरून घेऊन गेली होती.’’

दयाराम सदऱ्याच्या बाहीनं मान पुसत राहिला.

‘‘मी तं तवापासून घरातून बाहेर नाई निघालो,’’ उकंडा हळूच म्हणाला. ‘‘कोनी येईन, छप्पर पेटवून देईन, असंच वाटे. तुमी मोट घेऊन येतांनी दिसले तवा जीव भांड्यात पडला. म्हतलं, आपला मानूस आला.’’

वच्छला दारात उभी होती. ‘‘गुरुजीनं विचारलं तं काय सांगाव?’’ तिनं विचारलं.

‘‘पोट दुखते म्हना. काईबी म्हना.’’

‘‘अन् शालूची शाळा?’’ उकंडानं विचारलं.

‘‘ती राहीन चालू.’’

‘‘बरं झालं,’’ उकंडा म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, आणि त्याचाच दयारामला जास्त त्रास झाला. उकंडानं सोंड उलटी करून टाके ताणून पाहिले. काम त्यानं चोख केलं होतं. ‘‘न्या. आता फाटनार नाई.’’

दुसऱ्या दिवशी पहाटे दयाराम बैल घेऊन निघाला तेव्हा विहीर येईपर्यंत त्यानं मान वर केली नाही. कान मात्र चाकाकडं लावून होता. चाक गप्प होतं. मान वर केली तर धाव रिकामी, थारोळं रिकामं, आसपास कोणी नाही. त्याला हुंदका आला. त्यानं बैल जुंपले, मोट सोडली, आणि पहिलं पाणी थारोळ्यात पडलं तेव्हा खालच्या अंगाला उभ्या असलेल्या तानाबाईनं हात जोडले. कोणाला जोडले ते तिचं तिला माहीत.

रविवार होता. दुपारी शालू भाकरी घेऊन आली. मार खाल्ला त्या दिवसापासून ती घरात कमी बोलायची. भाकरी बांधावर ठेवून ती थारोळ्यापासून दूर, पाटाच्या काठाशी बसली. तेवढ्यात धुऱ्यावरून छत्री येताना दिसली. छत्रीखाली गुरुजी होते. घामानं डबडबलेले, धोतराला कुसळं चिकटलेली. दयारामनं बैल थांबवले आणि टोपी नीट केली.

‘‘दयारामजी, मी उकंडाकडून येतो आहे,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘पुष्पी काल शाळेत आली नाही. तो म्हणतो पोट दुखतं. पोरगी समोर उभी, तिला विचारलं तर ती आईच्या पदराआड गेली. शेजारचा म्हातारा म्हणतो, तुम्ही तिथं गेला होता. तुम्ही काही बोललात का?’’

‘‘मी मोट शिवाले गेलतो.’’

‘‘खरं सांगा. तुमच्यावर कोणी जोर केला असेल तर मला सांगा. मी वर लिहितो. मी तुमच्या पाठीशी आहे.’’

दयारामनं गुरुजींच्या खांद्यावरून पलीकडं पाहिलं. मिरचीच्या शेतात महादेवराव उभे होते. सालदार वाकून काहीतरी खुडत होता, पण महादेवराव काही करत नव्हते, नुसते उभे होते, या बाजूला तोंड करून. गुरुजी भले माणूस होते. पण गुरुजी आज इथं, उद्या संग्रामपूरला नाहीतर चिखलीला. त्यांची बदली झाली की एका बैलगाडीत त्यांचं घर मावणार होतं. दयारामला विहीर गाडीत घालून नेता येत नव्हती. त्याला बोलायचं होतं. पुष्पीनं पुढं धरलेला लोटा त्याच्या डोळ्यापुढं होता. एक शब्द बोललो तर सुटेन असंही वाटत होतं, आणि एक शब्द बोललो तर पोरंबाळं उपाशी मरतील असंही वाटत होतं.

‘‘बोला ना दयारामजी,’’ गुरुजी म्हणाले.

‘‘मीच म्हतलं तिले.’’

दोघांनी वळून पाहिलं. शालू उठून उभी राहिली होती. परकराचं टोक तिनं मुठीत गच्च धरलं होतं.

‘‘मीच म्हतलं पुष्पीले, शाळेत येऊ नको म्हनून. मले तिच्यासंग झाड नाई लागत.’’

‘‘तू?’’ गुरुजींना खरं वाटेना. ‘‘का ग शालू?’’

शालूनं बापाकडं पाहिलं. मग मिरचीच्या शेताकडं पाहिलं. वर्गात उत्तर द्यावं तशी ताठ उभी राहून ती म्हणाली, ‘‘ती चांभाराची हाये म्हनून.’’

गुरुजींनी छत्री मिटली, काही कारण नसताना. ऊन त्यांच्या डोक्यावर पडलं. वर्गात ते शालूचं उदाहरण बाकीच्यांना द्यायचे, हे दयारामला ठाऊक होतं. बाजाराच्या दिवशी गुरुजींनीच त्याला थांबवून ते सांगितलं होतं. आता गुरुजी तिच्याकडं असं बघत होते की दयारामला स्वतःची मान खाली घालावी लागली.

‘‘तुझ्याकडून हे ऐकेन असं वाटलं नव्हतं,’’ ते म्हणाले. ‘‘उद्यापासून तू त्या झाडाला हात लावू नकोस.’’

‘‘बरं गुरुजी,’’ शालू म्हणाली.

गुरुजी आल्या वाटेनं परत गेले. धुऱ्यावर त्यांचा पाय एकदा घसरला, ते सावरले आणि पुढं गेले. पलीकडं महादेवराव वळले आणि सालदाराला काहीतरी सांगू लागले. इतका वेळ दयारामला फक्त एक हाक मारायची होती. गुरुजी, पोर खोटं बोलते. एवढे चार शब्द. गुरुजी टप्प्यात होते तोवर तो हाक मारू शकला असता. त्यानं मारली नाही. उलट छातीवरचा धोंडा कोणीतरी उचलून नेल्यासारखं त्याला हलकं वाटलं, आणि आपल्याला हलकं वाटतंय हे कळल्यावर तो घाबरला.

शालू त्याच्याजवळ आली. परकराचं टोक अजून तिच्या मुठीत होतं, चेहरा कोरडा होता.

‘‘बावा, आता पाळी राहीन ना आपली?’’

दयाराम तिच्याकडं बघत राहिला. हे तिला कोणी सांगितलं? त्यानं नाही, तानाबाईनं नाही. दहा वर्षांच्या पोरीनं हे सगळं कधी ऐकलं, कुठं बसून जुळवलं? इतके दिवस तो म्हातारीला भ्याला होता, महादेवरावांना भ्याला होता, वहाणांच्या आवाजाला भ्याला होता. पण या क्षणी त्याला समोर उभ्या असलेल्या आपल्या पोरीचीच भीती वाटली.

‘‘राहीन,’’ तो म्हणाला.

शालूनं मान हलवली. खाली वांग्यात एक वाफा भरून पाणी सांडू लागलं होतं. तिनं बांधावरचं फावडं उचललं.

‘‘मंग मले आनखी काय काय बोला लागीन ते आजच सांगून ठेव,’’ ती म्हणाली आणि दारं मोडायला खाली गेली.